लुईझियाना : खरेदीखत कोणाचे, जमीन कोणाची?

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना दीड कोटी डॉलरला विकत घेतला आणि देशाचा आकार जवळपास दुप्पट झाला. याचे श्रेय राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या दूरदृष्टीला दिले जाते. हा जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता, हे मात्र सांगितले जात नाही. पण नेपोलियनने सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा मुलूख विकलाच का?

याचे उत्तर हैतीत आहे. तिथल्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केले. त्यांना चिरडायला नेपोलियनने पाठवलेले सैन्य लढाईत आणि पिवळ्या तापाने संपले. हैती हातची जाऊ लागली, इंग्लंडशी युद्ध तोंडावर आले. मग लुईझियाना ठेवून करायचे काय?

आणि विकले तरी काय? ओसेज, लाकोटा, पॉनी अशा मूलनिवासी लोकांची ती भूमी. त्यांना कोणी विचारले नाही. फ्रान्सने विकला तो केवळ दावा. जमीन पुढे करार लादून आणि युद्धे करून हिसकावली गेली. गुलामांच्या बंडामुळे मिळालेल्या याच मुलुखात लुईझियाना, मिसुरी, आर्कान्सा ही गुलामगिरीची राज्ये उभी राहिली!

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. मित्रांनो, आपले नाते त्या लढ्याशी आहे. म्हणून लुईझियानाचा इतिहास हैतीपासून वाचा.

जय भीम!