टपालानें येणारें घड्याळ : स्वस्त आणि हलकें

बाजारांत वस्तु हातीं घेऊन घेणारा आणि जाहिरात वाचून मागविणारा, या दोघांच्या व्यवहारांत एक मोठा भेद आहे. पहिला आधीं पारखतो आणि मग पैसे देतो. दुसरा आधीं पैसे देतो आणि मग पारखावयास बसतो. गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत हा दुसरा मार्ग पत्करून ज्या वस्तु लहान गांवांच्या घराघरांत शिरल्या, त्यांत घड्याळाइतकी पारखण्यास कठीण अशी दुसरी वस्तु क्वचितच असेल. कापड फाटकें असल्यास तें तत्काळ दिसतें. घड्याळाचा दोष मात्र त्याच्या पोटांत असतो, आणि तोही दिवसामासानें उघडकीस येतो.

अकोला जिल्ह्यांतील बाळापूर हें मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेलें जुनें पेठेचें गांव. नबाब इस्माईलखानाच्या कारकीर्दींत १७५७ सालीं पूर्ण झालेला तेथील किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाच्या नांवानें ओळखली जाणारी छत्री सर्वांस ठाऊक आहे. परंतु एके काळीं या गांवचा कागद आणि येथलीं पागोटींही नांवाजलेलीं होतीं. कागद उजेडाकडे धरून पाहावा, पागोट्याचें सूत दोन बोटांत चोळावें, आणि मग भाव करावा, अशी ही पेठ. विकणारा समोर, वस्तु हातांत, आणि उद्यां तक्रार निघाली तर दुकान जागच्या जागीं. अशा गांवच्या गिऱ्हाइकाला न पाहिलेल्या वस्तूसाठीं न पाहिलेल्या दुकानदाराला पैसे देणें ही सर्वस्वी नवी गोष्ट होती.

तिला दोन साधनांनीं वाट करून दिली. १८६७ सालीं भुसावळपासून नागपूरपर्यंत आगगाडी धावूं लागली आणि बाळापुराहून सुमारें सहा मैलांवरील पारस हें स्टेशन मुंबईशीं जोडलें गेलें. पुढें १८७७ च्या डिसेंबरांत टपाल खात्यानें व्हॅल्यू पेएबल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘व्ही. पी.’, ही पद्धत सुरू केली, आणि १८८० पासून मनीऑर्डरही टपालानें जाऊं लागली. गिऱ्हाइकानें एक कार्ड टाकावें, दुकानदारानें पुडकें पाठवावें, आणि पोस्टमननें पैसे घेऊन तें हवालीं करावें, असा हा सोपा व्यवहार झाला.

घड्याळ ही तर जणूं या व्यवहारासाठींच घडविलेली वस्तु. वजनानें हलकी, आकारानें मुठीएवढी, आणि वजनाच्या मानानें किंमतीनें भारी. अमेरिकेंतील इतिहासही हेंच सांगतो. १८८६ सालीं मिनेसोटा संस्थानांतील एका आडगांवच्या स्टेशनवर रिचर्ड सीअर्स नांवाचा एजंट होता. तेथील जवाहिऱ्यानें नाकारलेली घड्याळांची एक पेटी त्यानें आपल्याकडे घेतली आणि तीं घड्याळें रेल्वेच्या इतर एजंटांस विकून नफा मिळविला. त्या एका पेटीतून पुढें टपालानें माल पुरविणारी जगांतील एक सर्वांत मोठी पेढी उभी राहिली. हिंदुस्थानांत फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी या स्विस पेढ्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच मुंबईंत ठाण मांडलें होतें. त्यांच्या नांवाला वजन होतें. परंतु त्यांच्या सांवलींत नांवगांव नसलेलीं असंख्य दुकानेंही जाहिरातींच्या पानांवर उगवलीं.

व्ही. पी. मध्यें गिऱ्हाइकाची अडचण नेमकी कोठें होती? पैसे भरल्यावांचून पुडकें उघडतां येत नसे. टपाल खातें पुडकें पोंचविण्याची जबाबदारी घेई. आंतील वस्तूच्या गुणाची नव्हे. खरी मागणी आल्याखेरीज कोणी व्ही. पी. पाठवूं नये, आणि उघड फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून गिऱ्हाइकास परत करतां यावी, अशा नियमांची सोय १८९८ च्या टपाल कायद्यांत पुढें झाली. परंतु फसवणूक आणि निराशा यांत अंतर आहे. घड्याळाऐवजीं दगड निघाला तर ती फसवणूक. घड्याळच निघालें, पण तें चार महिन्यांत थांबलें, तर त्याला कायदा काय करणार? तेथें गिऱ्हाइकाचें शहाणपण हाच कायदा. तो १८९८ चा कायदाही आतां राहिला नाहीं. २०२३ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली आहे.

जाहिरातींत तीन शब्दांचा भडिमार असे: सोनें, ज्युवेल आणि गॅरंटी. त्यांतील सोन्याचा निकाल सर्वांत सोपा. ‘रोल्ड गोल्ड’ म्हणजे हलक्या धातूवर चढविलेला सोन्याचा पातळ पत्रा. ‘गिल्ट’ म्हणजे त्याहूनही पातळ मुलामा. घामानें आणि बाहीच्या घर्षणानें तो प्रथम कडांवर उडतो. घड्याळाच्या चालीशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं. पैसा मुलाम्यावर गेला तितका तो यंत्रावर गेला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्युवेलची गोष्ट अधिक समजून घेण्यासारखी आहे. घड्याळांतील चाकांचे बारीक आंस धातूच्या भोकांत फिरले तर तें भोक झिजतें. म्हणून तेथें माणकाचे बारीक खडे बसवितात. चांगल्या लिव्हर घड्याळांत असे पंधरा खडे पुरतात. मधल्या चाकालाही ते दिले म्हणजे सतरा होतात. हे खडे मौल्यवान असतात अशी समजूत फार जुनी आहे. परंतु व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें माणीक कृत्रिम रीतीनें बनविण्याची कृति १९०२ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हांपासून खड्याची किंमत नगण्य झाली. खड्याचें मोल त्याच्या जागेंत आहे. झीज जेथें होते तेथें तो बसविलेला असेल तर सतरा खडे पुष्कळ झाले. केवळ आंकडा फुगविण्यासाठीं तो कोठें तरी चिकटविलेला असेल तर पंचवीसही व्यर्थ.

मग कमी किंमतीचें घड्याळ तेवढें वाईटच काय? इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १८६७ सालीं जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोप यानें स्वित्झर्लंडांत मजुरांसाठीं वीस फ्रँकांचें घड्याळ तयार केलें. त्यानें एकूण भागच कमी केले, बाह्य नक्षी टाकून दिली, आणि माणकाच्या खड्यांऐवजीं पोलादी खिळ्यांचें लिव्हर योजलें. त्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याला पदक मिळालें. १८९६ सालीं अमेरिकेंत इंगरसोलनें एका डॉलरांत घड्याळ दिलें. या लोकांनीं किंमत उतरविली ती शोभा कमी करून. यंत्राची प्रामाणिकता त्यांनीं कमी केली नाहीं. त्यांच्यामागून ‘रॉस्कोप पद्धतीचें’ एवढेंच तबकडीवर छापून ज्यांनीं माल खपविला, त्यांनीं मात्र यंत्र उतरविलें आणि शोभा चढविली. पहिलें घड्याळ स्वस्त, दुसरें हलकें. मराठींत हे दोन शब्द पुष्कळदां एकाच श्वासांत येतात, आणि गिऱ्हाइकाची फसगत तेथेंच सुरू होते.

घड्याळ हातीं आल्यावर तें खरें चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें कशावरून? लहान गांवांत हा प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. सावलीवरून मध्यान्ह धरणाऱ्याचें घड्याळाशीं कधींच जमावयाचें नाहीं. १९०५ अखेरपर्यंत आगगाड्या मद्रासच्या वेळेनें धांवत, आणि ती वेळ बाळापूरच्या सूर्याच्या सुमारें चौदा मिनिटें पुढें असे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदी प्रमाणवेळ आली आणि हें अंतर सुमारें तेवीस मिनिटांवर गेलें. त्यांतही सूर्य वर्षभर एकसारखा चालत नाहीं. बाळापुरास प्रमाणवेळेनें सरासरीं बारा वाजून तेवीस मिनिटांनीं मध्यान्ह होते. परंतु नोव्हेंबरच्या आरंभीं ती बारा वाजून सात मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास बारा वाजून सदतीस मिनिटांच्या सुमारास येते. सावली पाहून घड्याळास दोष देणाऱ्यांनीं कितीएक निर्दोष घड्याळांवर अन्याय केला असेल! स्टेशनचें किंवा तारघराचें घड्याळ, आणि पुढें रेडिओवरील वेळेचे सूचक सूर, हाच खरा आधार होता. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां वऱ्हाडांतील घरांस ही कसोटी आणखी जवळ आली.

या कसोटीचा नियम असा कीं, चूक किती हें पाहण्याआधीं ती एकसारखी आहे काय हें पाहावें. समजा, एक घड्याळ रोज एक मिनिट मागें पडतें. आठवड्यानें तें सात मिनिटें मागें दिसेल. दुसरें पहिल्या दिवशीं तीन मिनिटें पुढें जातें, दुसऱ्या दिवशीं दोन मागें, मग चार पुढें, चार मागें, एक मागें, दोन पुढें, दोन मागें. आठवड्याच्या शेवटीं त्याची चूक शून्य! एकदांच पाहणारा दुसऱ्यास उत्तम आणि पहिल्यास टाकाऊ ठरवील. वस्तुतः पहिल्याचा दोष घड्याळजी आंतला कांटा किंचित सरकवून क्षणांत काढील. दुसऱ्याचा दोष त्याच्या हाडींमांसीं आहे. साधें घड्याळ तासाला अठरा हजार ठोके देतें. म्हणजे दिवसाला चार लक्ष बत्तीस हजार. रोज मिनिटाची चूक ही हजारांत एक ठोक्याहूनही कमी. एवढ्या बारीक कामाबद्दल स्वस्त घड्याळास नांवें ठेवण्यापूर्वीं त्याचें थोडें कौतुकही केलें पाहिजे.

वऱ्हाडचें हवामान ही आणखी एक परीक्षा. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. साध्या पोलादाच्या केसासारख्या बारीक कमानीचें घड्याळ दर अंशाला दिवसाकांठीं दहा-अकरा सेकंद मागें पडतें. म्हणजे थंडींत बरोबर असलेलें घड्याळ वैशाखांत चार-पांच मिनिटें चुकूं शकतें. शार्ल एद्वार गिय्योम यानें उष्णतेनें न बदलणाऱ्या मिश्रधातूंचा शोध लावून यावर तोड काढली, आणि त्या शोधाबद्दल त्याला १९२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तो सुधारलेला धातु अगदीं हलक्या मालांत येण्यास फार काळ लागला. शिवाय काळ्या जमिनीची धूळ आणि कापसाची उडती तूस! घराचें झांकण घट्ट बसत नसेल तर ती आंत जाऊन तेलाचा चिखल करते. म्हणून झांकण, किल्लीची जागा आणि कांच या तिहींचा बसाव पाहणें हें तबकडीची चकाकी पाहण्यापेक्षां शतपट महत्त्वाचें.

आणि सर्वांत मोठा प्रश्न दुरुस्तीचा. पहिल्या महायुद्धानंतर खिशांतलें घड्याळ मनगटावर आलें. तेथें धक्के अधिक, धूळ अधिक, घाम अधिक. जांवयास लग्नांत मनगटी घड्याळ देण्याची चाल पडली, आणि मुलीच्या बापाची लाज त्या लहानशा यंत्राच्या टिकटिकीवर अवलंबून राहूं लागली. अशा वेळीं दूरच्या दुकानाची पांच वर्षांची गॅरंटी काय कामाची, जर घड्याळ परत पाठविण्याचा खर्च, वाट पाहण्याचे महिने आणि उत्तर न येण्याची धास्ती गिऱ्हाइकाच्याच वांट्याला यावयाची? जवळचा घड्याळजी जें उघडूं शकतो, ज्याचे भाग त्याला मिळतात, तेंच घड्याळ खऱ्या अर्थानें गॅरंटीचें. दहा रुपयांचें घड्याळ दोन वर्षें चाललें तर तें सालीना पांच रुपयांस पडलें. तीस रुपयांचें, दोनदां साफ करून, वीस वर्षें चाललें तर साफसफाईचा खर्च धरूनही तें स्वस्त पडलें.

१९६१ सालीं एच. एम. टी. या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगळूर येथें घड्याळें बनविण्यास आरंभ केला, आणि हें तत्त्व देशी मालानें सिद्ध झालें. त्याचें ‘जनता’ हें सतरा खड्यांचें, रोज किल्ली द्यावयाचें घड्याळ दिसण्यांत अगदीं साधें. परंतु गांवोगांवचा घड्याळजी तें उघडीत असे. तें स्वस्त होतें, हलकें नव्हतें. पुढें स्फटिकाचीं घड्याळें आलीं. सेकंदाला ३२,७६८ कंपनें पावणारा स्फटिक घातलेलें अत्यंत अल्प किंमतीचें घड्याळही महिन्याकांठीं फारच थोडें चुकतें. बरोबर वेळ ही श्रीमंताची मिरास राहिली नाहीं. एच. एम. टी. चीं घड्याळें बनविणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं घेतला. आणि आतां तिच्याच जुन्या यंत्रांवर नव्यानें रंगविलेल्या तबकड्या चढवून ‘अस्सल जुनें’ म्हणून माल घरपोंच विकला जातो. रंग ताजा, यंत्र थकलेलें! जाहिरातीचें पान बदललें, पुडकें आणणारा बदलला, ‘व्ही. पी.’ चें नांव ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ झालें. गिऱ्हाइकापुढील प्रश्न तोच राहिला.

त्या प्रश्नाचें उत्तर बाळापूरच्या जुन्या पेठेंतच आहे. कागद उजेडाकडे धरणाऱ्यानें त्यावरचा शिक्का पाहिला नाहीं. त्यानें कागदाचा पोत पाहिला. घड्याळाचा पोत म्हणजे त्याची एकसारखी चाल, घट्ट बसणारें घर आणि दुरुस्त करणाऱ्या हाताची जवळीक. हीं तीन ज्यांत आहेत तें घड्याळ कितीही थोड्या पैशांत आलें तरी मोलाचें. आणि हीं ज्यांत नाहींत तें फुकट मिळालें तरी महाग.