सेन्सॉरपासून वाहिनीपर्यंत

सालाझारच्या राजवटीत गोव्यात कोणताही मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. १९६१ साली मुक्तीबरोबर ते जोखड गेले. तरी प्रक्षेपण दीर्घकाळ आकाशवाणी-दूरदर्शनच्याच हाती राहिले. २३ एप्रिल २००५ रोजी जावेद करीम यांनी यूट्यूबवरील पहिली, १९ सेकंदांची चित्रफीत स्वतःच्या वाहिनीवर ठेवली.

ही वाहिनी म्हणजे दूरदर्शनसारखी संस्था नव्हे. एका खातेदाराच्या नावावरील चित्रफितींचा तो संग्रह. त्याला संपादक असेलच असे नाही. म्हणून आपल्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा इतिहास सांगणारी चित्रफीत प्रवेशद्वारावरील १६६८ चा शिवकालीन शिलालेख दाखवते काय, हे आपणच पाहावयास हवे. सेन्सॉर गेला, संपादकाची जबाबदारी मात्र प्रेक्षकाकडे आली.