महाभियोग, अमेरिकी राष्ट्राध्यक्षावरील

पदाचा गंभीर दुरुपयोग करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला मुदतीपूर्वी दूर करण्याचा अमेरिकी काँग्रेसचा संविधानदत्त अधिकार. संसदीय पद्धतीत बहुमत गमावलेले सरकार अविश्वास ठरावाने पायउतार होते. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांची मुदत मात्र काँग्रेसमधील बहुमतावर अवलंबून नसते.

सत्ताविभाजन : कायदे करणे, कर बसवणे, खर्च मंजूर करणे व युद्ध पुकारणे हे काँग्रेसचे अधिकार, अंमलबजावणी व सेनादलांचे सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षाकडे. त्याने नकाराधिकार वापरला, तरी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृह व सिनेट या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी विधेयक पुन्हा संमत केल्यास त्याचा कायदा होतो. १९७३ चा युद्धाधिकार ठराव राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा नकाराधिकार डावलून असाच संमत झाला.

कारणे : देशद्रोह, लाचखोरी किंवा अन्य गंभीर गुन्हे व गैरवर्तन. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान घडत असताना, मराठ्यांशी सालबाईचा तह ज्याच्या कारकिर्दीत झाला त्या वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत महाभियोग चालू होता. त्याचा दाखला देऊन संविधान परिषदेतील प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी केवळ देशद्रोह व लाचखोरी ही कारणे अपुरी ठरवली आणि ‘गैरकारभार’ हे कारण सुचवले. ते इतके मोघम आहे की राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील, असा आक्षेप जेम्स मॅडिसन यांनी घेतल्यावर आजची शब्दयोजना स्वीकारली गेली.

कार्यपद्धती : प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने दोषारोप ठेवते, सुनावणी सिनेटपुढे, सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली होते. दोषी ठरवण्यास उपस्थित सदस्यांची दोन-तृतीयांश मते लागतात. शिक्षा पदच्युती व पुढील पदबंदी यांपुरतीच. फौजदारी खटला स्वतंत्रपणे चालू शकतो.

इतिहास : अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) व डोनाल्ड ट्रम्प (२०१९, २०२१) यांच्यावर प्रतिनिधिगृहाने महाभियोग चालवला, चारही वेळा सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते पडली नाहीत. जॉन्सन ३५ विरुद्ध १९ अशा मतांनी, म्हणजे एका मताने बचावले. वॉटरगेट प्रकरणी (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी व ती दडपण्याचा प्रयत्न) निक्सन यांनी प्रतिनिधिगृहातील मतदानापूर्वीच, ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिला.

मूल्यमापन : दोन-तृतीयांशाच्या अटीमुळे केवळ पक्षीय वैरातून राष्ट्राध्यक्ष हटवणे दुर्घट झाले; पण पक्षनिष्ठा प्रबळ असताना खऱ्या अपराध्यालाही तीच अट तारू शकते. त्यामुळे या तरतुदीची परिणामकारकता अखेर सिनेटरांच्या विवेकावर अवलंबून राहते.