चापाखालचा दांडा : जुन्या बंदुकीची ओळख

भोर-वेल्हे म्हटले की रोहिडा, राजगड, तोरणा आठवतात. ८ मार्च १९४८ रोजी विलीनीकरण होईपर्यंत हा सारा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. तालुक्यांची नावेही गडांवरून होती. वेल्ह्याकडचा प्रचंडगड म्हणजे तोरणा, भोरजवळचा विचित्रगड म्हणजे रोहिडा. डोंगर, रान आणि पिकात शिरणारी डुकरे असलेल्या अशा भागात जुन्या घराच्या माळ्यावर एखादी बंदूक निघाली, तर नवल नाही.

अशी बंदूक दिसली की आपण तिला सरसकट 'ठासणीची' म्हणतो. पण ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरतात. चापाखाली ओढायचा दांडा असेल, तर ती काडतुसाची, मागून भरायची बंदूक आहे. अशा बंदुकांची दोन घराणी प्रसिद्ध आहेत.

पहिले अमेरिकेतील विंचेस्टर. हिच्या नळीखाली बहुधा दुसरी नळी असते, तीत काडतुसे एकामागे एक राहतात. दांडा खाली-वर केला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. १८७३ आणि १८९४ ही तिची गाजलेली मॉडेल.

दुसरे ब्रिटिश लष्करातले मार्टिनी-हेन्री, स्वीकार १८७१. यात एका वेळी एकच काडतूस बसते. दांडा ओढला की मागचा ठोकळा खाली झुकतो. झुकणारा ठोकळा स्वित्झर्लंडच्या मार्टिनीचा, तर नळीतले सात आटे एडिनबरोच्या हेन्रीचे. ब्रिटिश पलटणींना नव्या रायफली मिळाल्यावर ही हिंदी पलटणींकडे आली.

मार्टिनीची उजवी बाजू म्हणजे तिची जन्मपत्रिका. तिथे मुकुट, 'व्ही. आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, 'एनफील्ड', साल आणि मार्क कोरलेले असतात. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल, तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता होती. राणी १९०१ मध्ये वारली, म्हणून 'व्ही. आर.'च्या खाली त्यानंतरचे साल असेल किंवा 'एन' अक्षर उलटे असेल, तर सरहद्दीकडच्या कारागिरांनी केलेली नक्कल असण्याची दाट शक्यता.

हे सगळे वाचता येते, ते अक्षरे शाबूत असतील तर. म्हणून डागडुजीत पहिला नियम : सॅंडपेपर, पॉलिशचे चाक आणि रंग लांब ठेवा. गंज काढताना खोदलेली खूण गेली, की परत येत नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग मऊ कापडाने हलके तेल. लाकडी दस्त्याला पातळसे जवसाचे तेल पुरते. काळी दारू लक्षात घेऊन बनवलेल्या नळीत आजचे काडतूस घालणे म्हणजे जिवाशी खेळ. तिच्यातून गोळी झाडण्याचा विचारही नको.

आणि या सगळ्याच्या आधी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे घरात बसून ठरवायचे नाही. हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात कळवावे, निर्णय परवाना अधिकाऱ्यांचा.

भीतीपोटी किंवा अडगळ म्हणून अशी वस्तू विहिरीत टाकली, भंगारात दिली, की संस्थानी काळाचा एक पुरावा कायमचा जातो. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी असे काही असेल, तर आजी-आजोबा आहेत तोवर विचारून ठेवा : ती कुणी आणली, कुठून आणली, कशासाठी वापरली. धातूवरची अक्षरे तेलाने टिकतील. ही उत्तरे मात्र वेळेत लिहून घ्यावी लागतील.