वहीपासून संगणकापर्यंत : वंशावळींची वाटचाल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली तेव्हा प्रस्तुत लेखकाने प्रथम नकारच दिला होता. आयुष्यभर कापड मोजणाऱ्याने इतिहासाच्या वाटेस जाऊ नये, हे खरे. परंतु गेली काही वर्षे घराण्याची वंशावळ संगणकावर उतरविण्याच्या खटाटोपात जे कळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

वंशावळ राखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांचीही तीच रीत. गाव आणि आडनाव सांगावे, की आजोबा-पणजोबांच्या हातची नोंद समोर येते. आमच्यासारख्या गुजरातेतून कोकणात आलेल्या व्यापारी घराण्यांसाठी हे काम वहीवंचे करीत. ते यजमानाच्या घरी येत, पिढ्या वाचून दाखवीत आणि मधल्या काळात जन्मलेल्यांची नावे लिहून घेत. या वाचनात प्रामुख्याने पुरुषांचीच नावे असत. सून आली त्या गावाचे नाव क्वचित येई, तिचे स्वतःचे नाव बहुधा नाहीच.

कोकणाने याच्या पुढचे पाऊल टाकले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून येथील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. प्रत्येक व्यक्तीस क्रमांक, पिढीचा आकडा, गावानुसार शाखा, पत्नीचे माहेरचे नाव, अशी त्यांची मांडणी पाहिली म्हणजे आमच्या वाणिज्य शाखेच्या माणसास खातेवहीचीच आठवण होते. याच जिल्ह्यातील गोविलचे सुपुत्र रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ १९५७ साली सिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय ९२ होते! अशा ग्रंथांची अडचण एकच. छापून झाल्यावर जन्मलेल्या मुलास त्यात जागा मिळण्यासाठी पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

ही अडचण संगणकाने दूर केली. अमेरिकेतील युटा येथे १८९४ साली स्थापन झालेल्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे सूक्ष्मचित्रण आरंभिले. हरिद्वारच्या वह्यादेखील त्यात आल्या. हीच संस्था आज फॅमिलीसर्च या नावाने ओळखली जाते. तिच्याजवळील सुमारे २४ लाख फितींचे संगणकीकरण २०२१ साली पूर्ण झाले. एका प्रणालीतील वंशावळ दुसरीत नेता यावी म्हणून याच परंपरेतून १९८४ साली ‘जेडकॉम’ नावाची लेखनपद्धती निघाली. पुढे २००१ मध्ये ग्रॅम्प्स ही विनामूल्य प्रणाली आली आणि २००७ मध्ये जेनी हे संकेतस्थळ, जेथे अनेक नातलग मिळून एकच वृक्ष वाढवू शकतात.

मात्र ही साधने ज्यांनी घडविली, त्यांच्या घरच्या चालीरीती वेगळ्या. आपल्याकडे विवाहानंतर वधूचे आडनावच नव्हे, तर कित्येकदा पाळण्यातले नावही बदलते. मूल दत्तक जाते आणि त्यास दोन पिते होतात. दत्तकाची सोय जेडकॉममध्ये आहे, हे सांगितले पाहिजे. स्थळांचेही तसेच. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी मालवणास जन्मलेला मनुष्य कागदोपत्री रत्नागिरी जिल्ह्याचा असतो, आणि शोधणारा मात्र सिंधुदुर्गात शोधीत बसतो.

सर्वांत मोठा घोळ कालगणनेचा. या पद्धतीत ज्यू पंचांग आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचे पंचांगदेखील आहे. शक आणि संवत नाहीत. याचा अनुभव घरीच आला. माझ्या आजीचे माहेरचे नाव कोणासही ठाऊक नव्हते. वहीवंच्याच्या वहीत नाही, सरकारी दप्तरात नाही. ते सापडले दुकानाच्या जुन्या रोजमेळात. संवत १९८३, वैशाख महिना, लग्नाच्या शालूची रक्कम खर्ची टाकलेली. आणि त्याखाली वधूचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव व गाव. मुनीमजींनी हिशेबासाठी लिहिलेल्या त्या दोन ओळी वाचताना माझे डोळे पाणावले, हे कबूल करतो.

पुतण्याने संगणकावर विवाहाचे वर्ष १९२६ घातले. त्याने कोठेतरी वाचले होते, की संवतातून ५७ वजा करावे. परंतु आमच्या वह्या दिवाळीस बदलत, म्हणजे आमचा संवत कार्तिकात सुरू होणारा. त्याचा वैशाख येतो तेव्हा इसवी सन एकाने पुढे गेलेला असतो, आणि वजाबाकी ५६ ची करावी लागते. वर्ष १९२७. उत्तरेकडचा चैत्री संवत असता तर पुतण्याचेच गणित बरोबर ठरले असते. कोणता संवत हे प्रणाली विचारत नाही. ते घरच्या म्हाताऱ्यासच ठाऊक असावे लागते.

लिपीची कथा वेगळीच. वीस-एक वर्षांपूर्वी आम्ही एका टंकलेखन केंद्रातून तीनशेच्या वर नावे मराठीत उतरवून घेतली. अक्षरांचा तो विशिष्ट साचा पुढे नाहीसा झाला, आणि फाईल उघडल्यावर पूर्वजांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागली. कागदावरची एक प्रत कपाटात होती म्हणून निभावले. आता युनिकोडमुळे ही भीती बरीच कमी झाली आहे. मोडी लिपीसही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मोडी वाचता येणारी माणसे मात्र थोडी. २०२३ साली राज्य शासनाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा गावोगावची मोडी दप्तरे उघडली गेली आणि मोडी जाणकारांची मागणी एकाएकी वाढली. सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढविण्यात आल्या. पणजोबांच्या नावाची एक ओळ नातवाच्या शिक्षणाशी जोडली गेली, की वंशावळ ही हौस राहत नाही.

तरुणांस एक सूचना करावीशी वाटते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे नाव उघड्या संकेतस्थळावर ठेवू नये. बँकांच्या व्यवहारात ओळख पटविण्यासाठी हीच माहिती विचारली जाते. आमच्या घरी हयात मंडळी एका खासगी प्रणालीत आहेत, आणि तिची छापील प्रत दर दिवाळीस काढून नव्या चोपड्याबरोबर ठेवली जाते.

त्या रोजमेळाच्या पानाचे छायाचित्र आजीच्या नावापुढे जोडले आहे. तिच्या आईच्या नावाचा रकाना अद्याप कोरा आहे. आजीच्या माहेरच्या गावी त्यांचे वहीवंचे आजही येतात, असे समजले. येत्या कार्तिकात जाऊन विचारणार आहे.