पाव, स्कोन आणि वळचणीचा कप

२०२० साली ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन शहापूरला घरी परतलो. दिवसभर कोड लिहायचा आणि संध्याकाळी ओव्हनशी खेळायचं, असा दिनक्रम झाला. यीस्ट कुठे मिळेना, अंडं आजीला चालत नाही. शोधता शोधता स्कोनपाशी येऊन थांबलो. मैदा, लोणी, ताक, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, बस्स. 'हे तर सोवळ्यातही चालेल,' असं मी आजीला गमतीनं म्हणालो. ती हसली नाही.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. आज तो ओव्हनमधून फुगून येतो, पण त्याचा पूर्वज तव्यावरचा. ओट किंवा जवाच्या पिठाची जाड गोल भाकर तव्यावर भाजायची आणि तिचे चार तुकडे करायचे. ओटला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे ती फुगायची नाही. नाचणीची भाकरी थापणाऱ्या आमच्या मुरबाडच्या बायकांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. स्कोन फुगू लागला तो एकोणिसाव्या शतकात, खायचा सोडा आणि बेकिंग पावडर आल्यावर. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. तिला अंडंही चालत नसे, म्हणून त्यानं त्याआधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती. म्हणजे माझी आजी आणि श्रीमती बर्ड यांची अडचण एकच होती, फक्त कारणं वेगळी.

आजीचं कारण समजायला पावाकडे जावं लागतं. पाव हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला. गोव्यात यीस्ट नव्हतं, तेव्हा पोदेर माडाच्या ताडीनं पीठ आंबवत. पण आजीच्या माहेरी, मुरबाड तालुक्यातल्या खेड्यात, शब्दाची व्युत्पत्ती वेगळी होती: पायानं तुडवतात म्हणून पाव. जी.आय.पी. रेल्वे १८५५ साली वाशिंदला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोचली. मुरबाडला आजही रेल्वे नाही. आजी १९४७ सालची. तिच्या लहानपणी पाव यायचा तो कल्याणहून, कुणी तापानं पडलं तर, दुधात कुस्करून द्यायला. तापात चालतो आणि एरवी विटाळ होतो, हे कोडं तिला तेव्हाही पडलं होतं म्हणे.

खरी अडचण पीठ कुणाच्या हातचं, ही होती. पाय हे फक्त निमित्त. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली. तिच्यात मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. जातिभेद मोडायची शपथ घेणाऱ्या सभासदाला ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खावा लागे. सगळं गुप्तपणे. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणताच लोक पांगले आणि सभा संपली. एका घासाची एवढी भीती होती.

तीस वर्षांनी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटं आली. समोर रानडे, टिळकांसारखी मंडळी. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाचे न्यायाधीश होणारा हा माणूस, एका कपासाठी. शाळेत हे मी विनोद म्हणून ऐकलं होतं.

आता माझा स्कोन. दोन वाट्या मैद्यात अर्धी वाटी नाचणी मिसळली. त्यापुढे गेलं की स्कोन भुगा होतो. लोणी थारगार हवं. ते बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, ताक घालून गोळा जेमतेम जमवायचा, मळायचं नाही. २०० अंशांवर पंधरा मिनिटं. नाचणी-गूळ, कोथिंबीर-मिरची, सुकवलेली करवंदं असे प्रकार केले. मग आमच्याकडे लाकडं आणि रानमेवा घेऊन येणाऱ्या कातकरी वाडीवरच्या मावशींनी वैशाखात सुकलेली मोहाची फुलं दिली. केसर झटकून, भिजवून, चिरून घातली. मनुकांहून गोड आणि जरा धुरकट. मी केलेल्यांतला तो सगळ्यात चांगला स्कोन.

आजीनं विचारलं, "मोह कुणाकडचे?" मी सांगितलं. तिनं तुकडा मोडला, हातात फिरवला, "मोह रानातले, त्याला काय होतंय," असं स्वतःशीच म्हणत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी बशीत स्कोन आणि आमच्या नेहमीच्या कपात चहा दिला. त्यांचा कप वेगळा असतो, कान तुटलेला, वळचणीला खोचलेला. माझ्या जन्माआधीपासून तो तिथं आहे आणि बावीस वर्षांत मला तो दिसला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. मावशींनी चहा घेताना आधी आजीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आम्ही मोह उकडून खातो, दुष्काळात. तुमचा लईच मऊ झालाय."

संध्याकाळी पाहिलं तर वळचणीला दोन कप होते. आजीनं आमचा कप धुऊन तिथं नेऊन ठेवला होता. मी भांडलो नाही. परमहंस सभेसारखी माझीही क्रांती स्वयंपाकघरापुरती होती. दोन्ही कप आत आणून मांडणीत ठेवले. आजी काही बोलली नाही.

कान तुटलेल्या कपात आता मी चहा पितो. आजी त्यात चहा ओतताना अजून क्षणभर थांबते. मग ओतते. मावशी आल्या की पहिला कप हाताला लागेल तो घ्या, असं मी सांगतो. त्या अजून तुटक्या कानाचाच शोधतात.