दोन राज्यांची सीमा, एक बाजारपेठ
कृष्णा–पंचगंगा खोऱ्यातील व्यापार आणि जैन समाज

कोणत्याही समाजाच्या धार्मिक व शैक्षणिक संस्था त्याच्या अर्थजीवनावरच उभ्या असतात. मंदिराचा कळस दिसतो. परंतु त्या कळसाखाली कुणाच्या शेतातील ऊस, कुणाच्या पेढीतील कमाई आणि कुणाच्या घामाचा पैसा आहे, याची नोंद सहसा होत नाही. सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी ही नोंद होणे उचित आहे.

कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांनी सुपीक केलेला प्रदेश आज दोन राज्यांत विभागलेला आहे. शिरोळ, हातकणंगले, कागल व मिरज हे तालुके महाराष्ट्रात, तर निपाणी, चिक्कोडी, रायबाग व अथणी हे तालुके कर्नाटकात आहेत. या भागातील जैन समाजाचे वैशिष्ट्य असे, की तो केवळ व्यापारी नाही. येथील बहुसंख्य जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत. एक भाऊ नांगर धरतो आणि दुसरा अडत दुकान चालवितो, असे चित्र येथे नवे नाही. माल पिकविणारा आणि माल विकणारा एकाच घरात असल्याने या समाजाला बाजाराच्या दोन्ही बाजू ठाऊक होत्या.

शिलालेखांतील बाजारपेठ

या प्रदेशातील व्यापाराची परंपरा प्राचीन आहे. कोल्हापूरचे शिलाहार आणि सौंदत्तीचे रट्ट या राजघराण्यांच्या काळात येथे जैन धर्माला उदार आश्रय मिळाला. तेरदाळ येथे मांडलिक गोंक याने 1123 च्या सुमारास नेमिनाथांचे जिनालय उभारले. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने 1204 च्या सुमारास बांधविली. या काळातील शिलालेखांत राजांच्या दानाबरोबरच व्यापारी संघांनी मालावर ठराविक प्रमाणात दिलेल्या दानाचेही उल्लेख येतात. बाजारातील उलाढालीचा एक अंश धर्मकार्यासाठी बाजूला काढण्याची ही प्रथा पुढे अडत दुकानांच्या वहीत ‘धर्मादाय’ या नावाने टिकून राहिली. या भागातील कितीतरी मंदिरे व पाठशाळा अशा पै-पैशांतून उभ्या राहिल्या आहेत.

संस्थानांचा काळ

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशाचे अनेक तुकडे झालेले होते. कोल्हापूर, सांगली, मिरजेची दोन संस्थाने, कुरुंदवाडची दोन संस्थाने, इचलकरंजी व कागल या जहागिरी आणि त्यांना लागून ब्रिटिश अंमलातील बेळगाव जिल्हा! एका गावातून दुसऱ्या गावी जाताना अंमल बदलत असे. अशा परिस्थितीत जकात आणि कायदे यांचा त्रास होताच. तथापि त्यातून एक लाभही झाला. प्रत्येक संस्थानिकाला आपल्या पेठेत व्यापारी यावेत असे वाटे. त्यामुळे जागा, सवलती आणि संरक्षण देण्यात त्यांच्यात एक प्रकारची चढाओढ लागली.

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचे स्थान मिळाले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी शिरोळ भागात, रेल्वेमार्गालगत, आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर ही पेठ वसविली. सरळ रुंद रस्ते, काटकोनातील चौक आणि व्यापारासाठी आखलेल्या जागा यांमुळे आसपासच्या खेड्यांतील तंबाखू, भुईमूग व धान्य तेथे येऊ लागले. इचलकरंजीत श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यातूनच त्या गावाचे वस्त्रनगरीत रूपांतर झाले. बेळगावात जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये औंधच्या संस्थानिकांनी जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले व किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका हद्दीत बंद झालेले दार दुसऱ्या हद्दीत उघडावे, याचे हे ठळक उदाहरण होय.

याच काळात लोहमार्ग आला. 1890 च्या सुमारास पुणे–मिरज–बेळगाव मार्ग पूर्ण झाला आणि 1891 मध्ये मिरज–कोल्हापूर फाटा सुरू झाला. घाट उतरून राजापूर व वेंगुर्ले बंदरांकडे बैलांच्या तांड्यांनी जाणारा माल आता वाघिणींतून मुंबईकडे जाऊ लागला. बंदरांचा व्यापार ओसरला आणि मिरज, सांगली, जयसिंगपूर या स्थानकांजवळच्या पेठा भरभराटीस आल्या.

पत आणि पाठशाळा

सीमाभागाचा आणखी एक लाभ भाषेचा होता. येथील व्यापारी घरी कन्नड आणि पेठेत मराठी, किंवा घरी मराठी आणि पेठेत कन्नड, अशा दोन्ही भाषा सहज बोलत. अथणीचा शेतकरी सांगलीत माल घालताना दुभाषा शोधत नसे. त्यातच सोयरिकी दोन्हीकडे असत. व्यवहार शब्दावर चाले, आणि शब्द मोडल्यास त्याची वार्ता पंचवीस गावांत पोहोचे. ही पत हेच अनेकांचे खरे भांडवल होते.

तथापि केवळ व्यापाराने समाज पुढे जाणार नाही, हे त्या काळच्या धुरीणांनी ओळखले. 1899 मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. सभेच्या प्रमुख संस्थापकांपैकी अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण व 1937 ते 1939 या काळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी अशा पेठांच्या गावी विद्यार्थी वसतिगृहे निघाली. पेठेच्या गावी वसतिगृह असण्यात मोठी सोय होती. माल घेऊन येणारा बाप मुलाला भेटून, शिधा देऊन परत जाई. कुंभोज येथे 1887 मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हेही काही काळ कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये होते. तरुणपणी किर्लोस्कर नांगरांच्या विक्रीचे काम करताना त्यांनी खेडोपाडीची स्थिती जवळून पाहिली, आणि 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

सीमारेषा आणि सहकार

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव, चिक्कोडी, निपाणी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. अनेक संस्थानी सीमांऐवजी एकच राज्यसीमा आली. परंतु ती अधिक कठोर होती. एकाच कुटुंबाची शेती एका राज्यात आणि दुकान दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. विक्रीकर, परवाने व तपासणी नाके यांतून मार्ग काढीत व्यापार चालू राहिला. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या करातील भेद बव्हंशी मिटला आणि विक्रीकराच्या नाक्यांवरील खोळंबा संपला.

याच काळात सहकाराने खोऱ्याचे रूप पालटले. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी पंचगंगा कारखाना, तर सा. रे. पाटील यांनी शिरोळचा दत्त कारखाना उभारला. उपसा सिंचनाने माळरानावर ऊस उभा राहिला. सीमेपलीकडचा ऊसही ज्या कारखान्याचा दर चांगला तेथे जाऊ लागला. सप्टेंबर 2023 मध्ये परराज्यात ऊस नेण्यास महाराष्ट्र शासनाने बंदी घातली, तेव्हा शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घ्यावा लागला. शेतकऱ्याला सीमा नको असते असे नव्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक त्याला हवे असते.

लाभाची दुसरी बाजू

जेथे हा पर्याय उरला नाही, तेथे संकट आले. निपाणीचा तंबाखू हे त्याचे उदाहरण आहे. पीक नगदी होते, पण भाव खरेदीदारांच्या हाती होता. 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे–बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिल रोजी आंदोलन मोडून काढताना झालेल्या गोळीबारात 12 शेतकऱ्यांचा बळी गेला. त्याच निपाणीत विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या अल्प मजुरीचा प्रश्नही दीर्घकाळ धगधगत राहिला. तंबाखूच्या संपत्तीचा हिशेब मांडताना हे रकानेही भरावे लागतात.

उसाच्या बाबतीत संकट जमिनीतून आले. अतिरिक्त पाणी आणि एकाच पिकाचा सोस यांमुळे शिरोळसारख्या तालुक्यात चांगली काळी जमीन क्षारपड झाली. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या गाडून निचऱ्याची कामे केली आणि पडीक शेते पुन्हा पिकाखाली आली. महापुराचा घाला मात्र वारंवार बसतो. 2005 च्या पुरात सांगलीजवळील हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरून मोठी हानी झाली. 2019 आणि 2021 मध्येही खोरे जलमय झाले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ही या पार्श्वभूमीवर समाधानाची गोष्ट होय.

पुढील पिढीसाठी

या इतिहासाचे तात्पर्य स्पष्ट आहे. सुपीक जमीन, जवळच्या दोन-तीन पेठा, दोन भाषा आणि दोन्हीकडची नाती, हे या प्रदेशाचे सामर्थ्य आहे. त्याचा लाभ तेव्हाच झाला, जेव्हा पर्याय खुले होते, शब्दाला किंमत होती आणि नफ्याचा अंश शिक्षणाकडे वळविला गेला. एका पिकावर किंवा एका गिऱ्हाइकावर सर्वस्व टाकले, तेव्हा तोच प्रदेश हतबल झाला. भगवंतांनी सांगितलेले परिग्रहपरिमाण व्रत केवळ संपत्तीपुरते नाही. जमिनीतून किती घ्यावे आणि पाणी किती द्यावे, यालाही ते लागू आहे.

आज शिकलेले तरुण पुणे आणि बंगळूरला जातात. ही दोन्ही शहरे याच महामार्गाच्या दोन टोकांना आहेत आणि हा प्रदेश त्यांच्या मध्ये आहे. पूर्वजांनी बैलगाडीच्या चाकोरीतून दोन बाजारपेठा जोडल्या. गूळ, हळद, कापड आणि भाजीपाला यांवरील प्रक्रिया उद्योग गावातच उभारून ही दोन महानगरे जोडण्याचे काम आता पुढील पिढीचे आहे. पन्नास वर्षांपूर्वी अल्प साधनांनिशी संस्था उभारणाऱ्यांच्या ऋणातून उतराई होण्याचा तोच एक मार्ग होय.